पेगने लिहिलेलं ऊन

पेग हेगार्टीच्या चार खोल्यांच्या लॉजवर येऊ पाहणारे सगळे पत्रातून एकच विचारत, तुमच्याकडे पाऊस कधी नसतो? आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरचे बाकीचे लॉजवाले ‘जुलै’ असं ठोकून मोकळे होत. पेग लिहायची, ‘पाऊस नसतो असा महिना आमच्याकडे नाही. त्यातल्या त्यात मे बरा. स्वेटर आणा.’ धंद्यात एवढं खरं बोलून कुणाचं भलं झालंय? पण तिच्या खोल्या तीस वर्षं भरत आल्या. थापांना भुलून आलेले एकदाच येत, पेगकडचे पुन्हा पुन्हा येत.

तिची धाकटी बहीण डीलिया चाळीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेली, ती परतली नव्हती. नवरा वारल्यावर तिचं पत्र आलं. कधी येऊ? जमलं तर कायमची राहीन म्हणते, पण तो पाऊस आता सोसेल का, बघायला हवं.

पेगने आयुष्यातली पहिली थाप मारली. ‘मेमध्ये ये. लख्ख ऊन असतं.’

डीलिया आली त्याच संध्याकाळी पेगने प्रागच्या बाळ येशूची वीतभर मूर्ती बागेतल्या कुंपणाखाली ठेवली. लग्नाच्या आदल्या दिवशी हा बाळ बाहेर ठेवला की ऊन पडतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मूर्तीचं मुंडकं आपसूक मोडून पुन्हा चिकटवलेलं असेल तरच गुण येतो, असा खवचट सल्ला शेजारच्या मॅटीने दिला. पेगच्या बाळाची मान धड होती, आणि मुद्दाम मोडून चालत नाही.

सहा दिवस पाऊस हटला नाही. डीलिया खिडकीशी चहा घेऊन बसून राही. समोरचं क्लेअर बेट काही दिसेना.

“बेट दिसलं की समजायचं पाऊस येणार,” मॅटी तिला म्हणाला, “आणि दिसलं नाही की समजायचं, आलाय.”

डीलिया खळखळून हसली. ही आता जाणार, आणि आपल्याच थापेमुळे जाणार, असं पेगने मात्र धरून ठेवलं होतं.

सातव्या सकाळी पेग मूर्ती आणायला गेली, तर कुंपणाखाली नुसता चिखल. सगळं घर पालथं घातल्यावर बाळ सापडला तो डीलियाच्या कपाटात, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला, कोरडा ठणठणीत.

“मीच आणला आत, पहिल्याच दिवशी. तुझी पाठ वळली तशी,” डीलिया म्हणाली. “चाळीस वर्षं तिकडच्या उन्हात डोकं तापवून घेतलंय. इथे येऊनही ऊनच बघत बसू?”

पेग पलंगावर टेकली आणि पत्रातल्या थापेची कबुली देऊन टाकली.

“ती कळलीच होती मला. तुझ्या प्रत्येक पत्रात पाऊस होता, पेग. ह्या एकाच पत्रात ऊन. तेव्हाच समजले, हिला मी हवीय.” मग तिने विचारलं, “नोव्हेंबर कसा असतो गं आता?”

“भयंकर. पाऊस आडवा येतो. छत्री टिकत नाही.”

“मग जाडसा कोट घ्यायला हवा मला.”

कपड्यांचं दुकान दुपारी एकलाच बंद करतात, एवढंच पेग म्हणाली, आणि भर पावसात दोघी निघाल्या.