गालाला लागलेली ओली माती

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. भूत, भानामती, अंगात येणं... असलं कुणी काही बोललं की मी पुरावा मागते आणि लोक विषय बदलतात. या सदरातले अनुभव माझा नवरा दर महिन्याला चवीने वाचतो आणि मी त्याला हसते. पण एक गोष्ट मला आजवर सुटलेली नाही. आता तुम्ही हसा.

साल १९९४. भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची तीन मजली बिल्डिंग. आम्ही नुकतेच दादरहून तिथे पहिल्या मजल्यावर राहायला आलो होतो. कंपाउंडच्या कोपऱ्यात बिल्डरने सिमेंट ठेवायला बांधलेली एक खोली रिकामी पडली होती — एक दार, एक खिडकी. तिथे मी आणि माझी नणंद मंदा, आम्ही इलेक्ट्रिक भट्टी लावली आणि मातीची भांडी करायला लागलो. म्हणजे भांडी मंदा करायची, मी वहीत तापमान लिहायची.

मंदाला जन्मापासून ऐकू येत नाही, ती बोलत नाही. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. घरात आमची हातांची एक भाषा तयार झाली होती. वाळत घातलेला वाडगा मंदा उचलून गालाला लावायची. गार लागला म्हणजे आत अजून ओल आहे, भट्टीत घालायचा नाही. मी घाई केली की तोच वाडगा माझ्या गालाला टेकवायची — थांब, अजून नाही. पुढे पुढे कशालाही "थांब" म्हणायचं असलं की नुसता तळवा स्वतःच्या गालाला लावायची. सासूबाई आमटीत मीठ जास्त घालायला लागल्या तरी तेच!

त्या हिवाळ्यात तिला काळ्या मातीचं खूळ लागलं. मिठागरांजवळून आम्ही दोन गोण्या खाडीची माती आणली. दिसायला सुंदर, पण तिच्यात तिवरांची कुजलेली पानं आणि मुळं भरपूर. ते सगळं भट्टीत जळतं. म्हणून नियम कडक होते. उष्णता हळूहळू वाढवायची, सातशे डिग्रीपर्यंत भट्टीच्या भोकाचं बूच काढून ठेवायचं, खिडकी सताड उघडी ठेवायची, आणि खोलीत कुणी थांबायचं नाही. हे सगळं मीच दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलं होतं.

शनिवार होता, माझी शाळा अर्धा दिवस. मंदा सकाळी भट्टी चालू करून नंतर मासळी आणायला गेली होती. दीडच्या सुमारास तळमजल्यावरच्या जागृतीबेन तणतणत वर आल्या.

"क्या जलाते हो भाभी? पूरे घर में बास मारता है. मेरे ससुरजी खाँस-खाँस के हैरान हो गए."

"सॉरी बेन, बस दो घंटा."

"दो घंटा? सेक्रेटरी को बोलूँ क्या?"

सेक्रेटरीचं नाव निघालं आणि माझं अवसान गळालं. ती खोली आम्हाला सोसायटीच्या मेहरबानीवर मिळालेली. ती गेली असती तर मंदाचं सगळंच गेलं असतं. मी खाली गेले. मीटरवर साडेचारशे डिग्री होतं. भट्टीला बूच लावलं, खिडकी ओढून घेतली, कडी घातली. धूर आतच राहील, अर्ध्या तासाने येऊन उघडू, असा विचार केला. विज्ञानाची बाई! हवा कमी पडली की जळण अर्धवट जळतं आणि विषारी वायू सुटतो, हे मी आठवीच्या मुलांना घोकून घेत होते. वर आले, घरात कुणी नव्हतं, दाराला कडी लावली, वह्या तपासायला खुर्चीत बसले आणि डोळा लागला.

जाग आली ती गालाला काहीतरी टेकलं म्हणून. गार, ओलं, गोल काठाचं. स्पर्श इतका ओळखीचा की डोळे न उघडताच मी म्हणाले, "हो गं मंदा, थांबते."

डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. दाराची कडी मी लावली तशीच होती.

मी भयंकर घाबरले. कशाला, ते तेव्हा कळत नव्हतं. अनवाणीच जिना उतरले. खोलीच्या दाराबाहेर मासळीची पिशवी ठेवलेली दिसली.

दार लोटलेलं होतं. मंदा आत, खिडकीखाली पडली होती. उजवा तळवा गालाखाली — निजल्यासारखी. मी तिला ओढत बाहेर काढलं, मेन स्विच पाडला आणि बोंब ठोकली. पहिल्या धावल्या त्या जागृतीबेनच. रिक्षाही त्यांनीच आणली.

हॉस्पिटलमध्ये मंदाला ऑक्सिजन लावला. ती डोळे उघडेपर्यंत मी मनातल्या मनात काय काय कबूल केलं ते माझं मला माहीत. तेवढ्यात जागृतीबेन म्हणाल्या, "भाभी, आप के गाल पे ये क्या लगा है?"

हात लावला. काळी माती, अर्धगोल, वाडग्याच्या काठाएवढी. आणि ओली. आमची सगळी माती तर आठवडाभर वाळून भट्टीत गेली होती. घरात ओल्या मातीचा कण नव्हता. मंदाचे हात मी पाहिले... कोरडे. नुसता मासळीचा वास.

बरी झाल्यावर मी तिला विचारलं, तू वर आली होतीस? तिने मान हलवली — नाही. बाजारातून येताना तिला खिडकी बंद दिसली, म्हणून पिशवी बाहेर ठेवून ती उघडायला आत गेली. जागृतीबेनना त्रास नको म्हणून दारही लोटून घेतलं. खिडकीपर्यंत पोचली, कडीपर्यंत हात गेला नाही.

नवरा म्हणतो, तुला स्वप्न पडलं. पडलं असेल. पण मग ती माती? तीस वर्षं झाली. गालाला वाडगा कुणी लावला, मला माहीत नाही.

खिडकी कुणी लावली, ते मात्र माहीत आहे. त्या दिवशी हॉस्पिटलात नवऱ्याला आणि सासूबाईंना मी सांगितलं, वाऱ्याने लागली. मंदा कॉटवरून माझे ओठ वाचत होती. आत घातलेली कडी तिने पाहिली होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिने तळवा गालाला लावला.

मी थांबले. पुढे एक शब्द बोलले नाही, आणि खरंही कधी सांगितलं नाही. नवरा हे सदर वाचतो, म्हणून इथे लिहितेय.