देवाजीभाऊंची पहिली बिडी

आरमोरीजवळच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात नवा माणूस आला, की डॉक्टरांनी तपासायच्या आधीच स्वयंपाकी देवाजीभाऊ त्याला 'जयभीम' घालून बिडी देत. आपल्या बिडीवर त्याची पेटवून म्हणत, "दारू सोडाले आला ना? मंग येवढी त राहू दे हाती." भाऊ स्वतः याच केंद्रात मोहाच्या दारूतून उठले आणि इथल्याच चुलीपाशी राहिले. आधी दारू सुटू दे, बिडीचं पुढे पाहू, असं डॉक्टरही म्हणत. मी तिथे नर्स होते. धुराने नाक मुरडायचे, पण माझं ऐकतो कोण!

एकदा नागभीडकडचा किसन आला. तळ्यावर मासे धरणारा तरुण, खोकून बेजार झालेला. भाऊंनी बिडी पुढे केली, तर त्याने हात मागे घेतला. तळ्याच्या पाळीवर चौघं बिडी ओढायला बसले की कोणीतरी बाटली काढायचंच, आणि त्याची दारू दर वेळी तिथेच पुन्हा सुरू व्हायची. त्याला दोन्ही सोडायचं होतं. पण इथेही दिवसभर बिडीचा वास येणार असेल तर आपण टिकणार नाही, घरीच जातो, म्हणाला. घरी गेला की तो पिणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

भाऊ भडकले. आत जाऊन उगाच भांडी आपटली. मग बिड्यांचा अख्खा कट्टा चुलीत टाकून बाहेर आले. "थांब बाबू. मी बी सोडतो. पण मले काई बोलू नको."

बोलायची सोय राहिलीच नाही. वरणात मीठ दोनदा पडे, भात करपे, आणि चहा मागितला म्हणून एकदा डॉक्टरांनीही बोलणी खाल्ली. किसन गुपचूप त्यांच्याशेजारी कांदे चिरत बसायचा. असाच बरा होऊन घरी गेला.

धानकापणीनंतर तो भेटायला आला, पण फाटकाबाहेरच घुटमळत राहिला. शर्टाला बिडीचा वास होता. मला रागच आला. भाऊंनी याच्यापायी किती सोसलं होतं! तेवढ्यात भाऊच बाहेर आले.

"दारू त नाई ना पेला?"

"नाई भाऊ."

"मंग भेतो काऊन? तुले का वाटते, माई सुटली? सकाळी उठलो का हात खिशातच जाते. मी रोजच सोडून राह्यलो. तू बी आजपासून पुन्हा सोड."

किसन रडायला लागला. भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आज जेवाले एक माणूस जास्त हाय."