घोडेगावला आवाज काढला

वाकडेवाडीच्या स्टँडवर सकाळी पावणेसातला मी संभाजीनगरच्या गाडीत चढले, तेव्हा माझ्या काखेत एक फुगलेली कापडी पिशवी होती. पिशवीत नऊ ब्लाउज, सगळे नेवाशाच्या एका लग्नघरातले. मी पुण्यात ब्लाउज शिवते आणि नवरीची मावशी माझी जुनी गिऱ्हाईक. नवरीच्या अंगावर घालून बघायचं, कुठं उसवायचं, कुठं टीप घालायची ते तिथंच बसून करायचं, असं ठरलं होतं. कुरियरनं पाठवते, असा मी दोनदा मेसेज केला. मावशींचं उत्तर आलं की कुरियरवाला टीप घालणार आहे का? म्हणून मीच निघाले.

मेसेजच केला, फोन नाही, कारण तीन आठवडे मी बाहेरच्या माणसांशी बोलणंच सोडलं होतं. ते आधी सांगते. मी ट्रान्स बाई आहे. मुलगा म्हणून जन्मले, संगमनेरजवळच्या एका खेड्यात म्हशींच्या गोठ्यात वाढले, आणि बाई म्हणून राहायला लागून आता बारा वर्षं झाली. चाल, चेहरा, साडी सगळं अंगवळणी पडलंय. आवाज तेवढा राहिला. तो माझ्या बापाचा आहे, जाड, गोठ्याच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणारा. माझ्याकडे बघून कुणाला काही कळत नाही, पण मी तोंड उघडलं की माना वळतात.

तरी इतकी वर्षं मी खुशाल बोलत होते, भाजीवालीशी भांडत होते. मग एका रविवारी आम्ही सात-आठ मैत्रिणी रेश्माच्या खोलीवर जमलो आणि ओळीनं तीन चित्रपट पाहिले. तिन्ही आमच्यासारख्यांवरचे. एकात बसस्टॉपपासून पाठलाग, एकात लॉजची खोली, आणि तिसऱ्यात तर त्यातल्या बाईचा सख्खा भाऊ दोर घेऊन येतो. रेश्मा म्हणाली होती, आपल्याला ठाऊक असायला हवं. ठाऊक तर होतंच की! पण डोळ्यांनी बघणं वेगळं. त्या रात्रीपासून मी दाराला कडी लावून वर तांदळाचा डबा सरकवून ठेवायला लागले. भाजी बोटानं दाखवून घ्यायची, रिक्षा ॲपवरून बोलवायची. मैत्रिणींनाही नुसतं लिहून पाठवायचं, कारण भिंतीपलीकडं कुणी ऐकेल. आपण वेडेपणा करतोय हे कळत होतं आणि भीती काही जात नव्हती.

गाडीत मी खिडकीशी बसले, तोंडाला स्कार्फ गुंडाळला. कंडक्टर आले तेव्हा मी नोट पुढं केली आणि मोबाईलवर लिहून ठेवलेलं दाखवलं : नेवासा फाटा, एक. त्यांनी विचारलं, "अर्धं ना, ताई?" मी मान हलवली, नाही. ते म्हणाले, अहो, बायकांना अर्धं तिकीट असतं, माहीत नाही का? मी पुन्हा मान हलवली. त्यांनी खांदे उडवले आणि पूर्ण तिकीट फाडून दिलं.

हे माझं मलाच फार लागलं. माझ्या आधारकार्डावर स्त्री लिहिलेलं आहे, ते लिहून घ्यायला मी किती हेलपाटे घातलेत ते माझं मला माहीत. एसटीचं अर्धं तिकीट मी दरवेळी ऐटीत मागून घ्यायचे. पण त्या सकाळी मनात आलं, यांनी कार्ड मागितलं तर? काही विचारलं आणि बोलावं लागलं तर? चाळीस माणसं वळून बघतील. म्हणून पूर्ण तिकीट काढून मी गप्प बसायची सोय विकत घेतली.

शेजारच्या रांगेतला एक माणूस हे सगळं बघत होता. पन्नाशीचा, पांढरी टोपी, मिशा कातरलेल्या. आणि त्याच्या पायाशी नव्याकोऱ्या दोराचं वेटोळं. दोर बघितल्यावर मी पिशवी मांडीवर घट्ट ओढून घेतली. वाघोली गेली, शिक्रापूर गेलं, तो मधूनमधून माझ्याकडे बघतच होता. शिरूरला गाडी चहाला थांबली तेव्हा मी पाय मोकळे करायला उतरले, तर तो थेट माझ्याच दिशेनं यायला लागला. मी चहा तसाच टाकून गाडीत येऊन बसले.

घोडनदी ओलांडून नगर जिल्ह्यात शिरलो. एरवी मला हा रस्ता आवडतो. सुप्याच्या पुढं माळ मोकळा होतो, दिवाळी झालेली असली की ज्वारी गुडघ्याएवढी असते, आभाळ स्वच्छ असतं. त्या दिवशी मी खिडकीच्या काचेत फक्त त्याचं प्रतिबिंब बघत होते. नगर सोडलं, इमामपूरचा घाट उतरला. तेवढ्यात तो पुढं वाकला आणि हळूच म्हणाला, "ताई, ऐका जरा." मी ऐकलं नाही. गाडी घोडेगावला थांबली, बरीच माणसं उतरत होती, मी पिशवी घेऊन त्यांच्यातच घुसले आणि उतरले. नेवासा फाटा अजून पुढं होता. मागं वळून बघितलं तर तोही उतरत होता, खांद्यावर दोर टाकून.

घोडेगावला जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि नेमका तोच दिवस होता. मी गर्दी दिसेल तिकडं चालायला लागले. टेम्पो, धूळ, शेणाचा ओला वास, शिंगांना तेल चोपडलेल्या म्हशी, आणि जिकडं तिकडं पुरुषच पुरुष. आगीतून उठून फुफाट्यात आल्यासारखं झालं. दोन टेम्पोंच्या मध्ये एक बाई म्हैस घेऊन उभी होती. बाई दिसली म्हणून मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, इतकंच.

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, आणि म्हशीचं दावं (गळ्यातली दोरी) माझ्या हातात दिलं. "धरा वाईच, पानी पिऊन येते." आली आणि मग आपणहोऊन बोलत राहिली. तिचं नाव कौसाबाई, पाथर्डीकडची. नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर आठ दिवसांपूर्वीच कारखान्यावर गेला होता. हिनं म्हैस विकायची आणि मागून जायचं. आज विकली नाही तर म्हैस सांभाळायला मागं कुणी नव्हतं आणि उद्या सकाळी गाडी निघत होती. मी नुसती मान हलवत होते. मुकी आहे असंच तिला वाटलं असणार.

म्हशीच्या कपाळावर मी हात फिरवला. कितीतरी वर्षांनी फिरवला, पण हात खरारा विसरला नव्हता. तेवढ्यात समोर माणसं थांबली आणि त्यांच्यात पुढं तोच, टोपीवाला. मी म्हशीच्या आडोशाला सरकले. पण त्यानं माझ्याकडं ओझरतं बघितलं आणि खाली वाकून म्हशीची कास बघायला लागला. दात बघितले, शिंगं बघितली. मग म्हणाला, धार काढून दाखवा.

बाजारात तशी रीतच आहे. म्हशीची सकाळची धार काढायची नाही, कास भरलेली ठेवायची आणि गिऱ्हाइकासमोर काढून दाखवायची. कौसाबाई बादली घेऊन बसली. म्हैस अंग चोरून उभी राहिली. सड ओढले तरी चार थेंब येईनात. कौसाबाईनं पेंड पुढं केली, थोपटलं, आणि नवऱ्याच्या आवाजाची नक्कल करून "हा बाय, हा बाय" केलं. म्हशीनं लाथ झाडली आणि बादली कलंडली.

"रेडकू मेलं तिचं," कौसाबाई म्हणाली. "तवापासनं मालकाच्या आवाजाबिगर पान्हाच सोडीत न्हाई. लई जाड आवाज हाय त्यांचा. घरी आठ दिस कशीबशी पिळली, हितं गर्दीत भेदरलीया हो ती."

टोपीवाला उभा राहिला. म्हैस चांगली दिसते, पण दूध बघितल्याशिवाय कशी घ्यायची, असं सोबत्याला म्हणाला आणि निघायच्या बेतात आला. कौसाबाईनं बादली उचलली. तिचं तोंड इतकं उतरलं होतं की मला तिच्याकडं बघवेना.

भेदरलेली म्हैस पान्हा चोरते, हे मला कुणी सांगायला नको होतं. ती दूध देत नाही असं नसतं, तिला देताच येत नाही. माझा बाप अशा वेळी तिच्या मानेशी तोंड नेऊन बोलत राहायचा. तेव्हा मी काय विचार केला, खरं सांगू? मी विचार केला की वीस पुरुष आहेत, त्यातल्या एकाच्या खांद्यावर दोर आहे आणि इथून पळायला रस्ता नाही. आणि तरी मी स्कार्फ खाली ओढला, म्हशीच्या मानेवर हात टाकला आणि बापाचा आवाज काढला.

"हा बाय. हा गं माझी बाय. उभी ऱ्हा."

माना वळल्या. मग मागून कुणीतरी हसलं आणि आडवी टाळी वाजवली, आमच्या नावानं वाजवतात तशी. ती टाळी मला पाठीत लागली. माझा आवाज थांबला.

"टाळ्या नगं वाजवू रं," कौसाबाई खालूनच म्हणाली. "म्हस बुजंल."

बाकीच्यांनीही त्याला दटावलं. माझी बाजू घेऊन कुणी दटावलं नाही, म्हैस बुजेल म्हणून दटावलं. धार काढताना आवाज करू नये, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मग त्या गर्दीत एकटी मीच बोलत होते. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हशीला नवरीच्या ब्लाउजांबद्दल सांगत सुटले. हिरवा पाठीला सैल झालाय गं बाय, जांभळ्याची बाही तोकडी झालीय, मावशी मला सोडायची नाही. म्हशीचा कान हलला. मान सैल पडली. आणि बादलीत धार वाजली. एक, मग दुसरी, मग फेस चढायला लागला. कौसाबाई रडत होती आणि धार काढत होती. मीही रडले, लपवत कशाला बसू.

सौदा झाला. मी हात पुसत होते तेव्हा टोपीवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला आता सगळं कळलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. काय म्हणून हाक मारावी, याचा तो विचार करत होता. मी वाट बघत उभी राहिले.

"ताई," तो म्हणाला, "मगाधरनं सांगायचं हुतं. तुमी फुल तिकीट काढलं. बायांना अर्धं असतंय."

मला हसूच फुटलं. शिरूरपासून हा माणूस मला एवढंच सांगायला बघत होता! मी म्हणाले, "मला ठाऊक आहे. घाबरले होते मी. तुमच्या त्या दोरालाही घाबरले."

तो ओशाळला. दोर खांद्यावरून काढून हातात घेतला आणि समजावून सांगितलं की विकणारा आपलं दावं देत नाही, घरची लक्ष्मी जाते म्हणतात, म्हणून घेणाऱ्यानं नवा दोर आणायचा असतो. हे मला ठाऊक होतं हो! आमच्या गोठ्यातून म्हैस गेली की दावं खुंटीला परत यायचं. गोठ्यात वाढलेली मी, आणि बाजाराला निघालेल्या माणसाच्या हातातला दोर मला ओळखता आला नाही, इतकी मी भ्यालेली होते.

मग त्यानं जरा अडखळत विचारलं, म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवता का, तुमच्यासारख्यांचा हात लागला तर बरं असतं. झालं! एक टाळी वाजवतो, दुसरा आशीर्वाद मागतो, साधं माणूस म्हणून काही कुणी राहू देत नाही. मी म्हणाले, "अहो, मी ब्लाउज शिवते." तो म्हणाला, असू द्या. हात मात्र मी फिरवला, म्हशीसाठी.

कौसाबाईनं आपलं जुनं दावं सोडून मनगटाला गुंडाळलं. म्हैस नव्या दोरानं गेली तेव्हा ती बराच वेळ तिकडं बघत राहिली. मग तिनं गोडीशेव (गुळाच्या पाकातली जाड शेव) घेतली आणि टेम्पोच्या सावलीत बसून आम्ही दोघींनी खाल्ली. खाता खाता तिनं विचारलं, "आवाज जल्माचाच व्हय?"

"हो. बापाचा आहे."

"मंग चांगला हाय की," ती म्हणाली आणि पुडी माझ्याकडं सरकवली.

बाजारातून बाहेर पडताना तो टाळीवाला पानाच्या टपरीशी उभा होता, दात काढत. माझा हात पुन्हा स्कार्फकडं गेला. एका दुपारीत सगळं भय गेलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. मी भीत भीतच त्याच्यासमोरून चालत गेले आणि नेवाशाची गाडी पकडली. लग्नघरी उशीर झाल्याबद्दल बोलणी खाल्ली. हिरवा ब्लाउज खरंच पाठीला सैल निघाला.

परतीच्या गाडीत कंडक्टर आले. मी स्कार्फ काढलेला होता. "पुणे, एक अर्धं," मी म्हणाले. पुढच्या सीटवरची कॉलेजची मुलगी वळली. कंडक्टरनी माझ्याकडं पाहिलं, कार्ड मागितलं, फोटो बघितला, परत माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काही बोलणार. त्यांनी तिकीट दिलं आणि मागच्या माणसाला म्हणाले, "सुट्टे काढून ठेवा." ते तिकीट मी पुण्यापर्यंत मुठीत धरून ठेवलं होतं.

खोलीवर पोचले तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. हातांना अजून म्हशीचा वास येत होता. दाराला कडी लावली, तांदळाच्या डब्याला हात घातला आणि तो तसाच जागेवर राहू दिला. ते चित्रपट खोटे नव्हते. तसं घडतं, आमच्या ओळखीत घडलेलं आहे. पण त्या तिन्हींत आमच्यातली एकही संध्याकाळी घरी पोचत नाही. रेश्माचा मेसेज येऊन पडला होता, पोचलीस का म्हणून. मी लिहायला लागले होते. मग लिहिलेलं पुसलं, माईकचं बटण दाबलं आणि भिंतीपलीकडं जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोचले गं."