डोळ्यांना पाणी लावून ये

“देवानं वाचवलं” हे वाक्य मला लहानपणापासून सहन होत नाही. ज्यांना नाही वाचवलं त्यांचं काय, हा प्रश्न माझ्या तोंडात तयारच असतो. आमच्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा शाळेची नोकरी सांभाळून पत्रकं लिहायचे. अंगाऱ्यांविरुद्ध, नवसांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नदीत सोडलेल्या मळीविरुद्ध. गावच्या जत्रेत ती वाटायचं काम माझं. एकदा देवळाच्या पुजाऱ्यांनी मला म्हटलं, “पोरी, उन्हात कशाला उभी राहतेस, मंडपात उभं राहून वाट,” तर मी त्यांच्याशीही वाद घातला होता. म्हणून आज हे लिहिताना माझा हात अडखळतो आहे. पण जे घडलं ते न रंगवता सांगायचं, ही सवयही मला त्या पत्रकांनीच लावली.

मी मिशिगनमध्ये शिकते. खेळाडूंच्या दुखापती सांभाळायचं शिक्षण आहे, आणि त्याचा भाग म्हणून मी ट्रॉयजवळच्या एका ज्युनियर हॉकी टीमबरोबर काम करते. इथं हॉकी म्हणजे बर्फावरची. ट्रॉयमध्येच मी सुलभाकाकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहते. त्यांचा मुलगा ईशान याच टीमचा गोलकीपर. काकूंशी तो इंग्रजीत बोलतो, काकू त्याच्याशी मराठीत भांडतात, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजतं.

दर शनिवारी दुपारी काकूंचा फोनवर जप असतो. अमेरिकाभरच्या सात-आठ बायका एका कॉन्फरन्स लाइनवर येतात आणि एकेकजण आपली माळ मोठ्यानं म्हणते, बाकीच्या ऐकतात. कुणाकडे कुकरची शिट्टी होते, कुणाचा नातू रडतो, रामनाम चालू राहतं. काकूंनी तो नंबर माझ्या फोनमध्येही घालून ठेवला होता. “असू दे गं, नंबरनं काय बाटणार आहेस?” मी अर्थातच कधी लावला नव्हता. फोनवरून पुण्य पाठवता येतं का, असं मी त्यांना विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, “तुझी मतं येतात ना व्हॉट्सॲपवरून, तसंच.”

त्या आठवड्यात टीम उत्तरेकडे गेली होती. वादळामुळे शुक्रवारची मॅच रद्द झाली. शनिवारची मॅच पुढच्या गावी होती, ती वादळाचा पुढचा तडाखा यायच्या आत उरकावी म्हणून संध्याकाळची दुपारवर आणली. सकाळी मोटेलच्या लॉबीत आमचे कोच माइक यांच्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, ही मुलं आहेत, माल नव्हे. या हवेत बस काढायची नाही. ते म्हणाले, रस्ता चालू आहे, मोठ्या संघांसाठी खेळाडू हेरणारे स्काउट येणार आहेत, यातल्या काही मुलांना पुन्हा अशी संधी मिळणार नाही. मुलांनाही जायचंच होतं. ईशान मला हळूच म्हणाला, “ताई, प्लीज, डोन्ट मेक इट अ मोर्चा.” मोर्चा हा शब्द तो माझ्याकडूनच शिकला होता. मी हरले आणि बसमध्ये चढले.

इथल्या मोठ्या तलावांवरून वारा सुटला की बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो. दुपार व्हायच्या आत समोरचा रस्ता पुसल्यासारखा नाहीसा झाला. आमची छोटी बस घसरून कडेच्या बर्फात रुतली. लागलं कुणालाच नाही. आमचे ड्रायव्हर रॉय वयस्क आणि शांत गृहस्थ. त्यांनी मदतीसाठी फोन केला, खाली उतरून मागची धुराची नळी मोकळी केली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं. बर्फ सारणारी नांगराची गाडी येईपर्यंत कुणी उतरू नका, असं सांगितलं. हे सगळं बरोबरच होतं. थोड्या वेळानं पलीकडून तशीच एक गाडी गेली. तिला आम्ही दिसलो नाही. तिनं उडवलेल्या बर्फाचा ढीग आमच्या बसच्या मागच्या बाजूवर येऊन धडकला, मुलांनी एकच कल्ला केला. आणि त्याच सुमारास दुपारची मॅचही रद्द झाल्याचा मेसेज आला.

तो वाचून माझं डोकं तडकलं. मी मनातल्या मनात माइकना सुनवायला लागले. मुद्द्यामागून मुद्दे, सगळे बिनतोड. माझं डोकं दुखायला लागलं, ते मला संतापामुळे वाटलं. मागच्या सीटवरच्या एका मुलाचं डोकं दुखत होतं, त्याला गेल्या आठवड्यात खेळताना डोक्याला मार लागला होता, म्हणून मी त्याचे डोळे तपासले. दुसऱ्याला मळमळत होतं, त्यानं सकाळी गार पिझ्झा खाल्ला होता. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं. बाकीची मुलं झोपली होती, ईशान अगदी मागच्या सीटवर तोंडावर टोपी ओढून. दमली असतील बिचारी, असं मला वाटलं, आणि त्या दमण्याचाही दोष मी माइकच्या नावावर लिहिला.

काकू रात्रीच्या जेवणाला वाट बघत बसतील, म्हणून त्यांना कळवावं असं मनात आलं. मी फोन काढला. बोटं जड झाली होती. काकूंच्या नावाखाली दोन नंबर होते, आणि मी नको तो दाबला. टुंग असा आवाज झाला आणि चालू असलेलं रामनाम थांबलं.

“कोण आलं?” एका खरखरीत आवाजानं विचारलं.

“मी... सुलभाकाकूंच्या खाली राहते ती.”

“अगं बाई, पत्रकवाली?” काकूंचा आवाज. “तू कशी काय इथं? पोचलात का?”

“नाही, बर्फात अडकलोय. मदत येतेय. रात्री जेवायला थांबू नका, एवढंच सांगायचं होतं.”

“ईशान?”

“झोपलाय. सगळेच झोपलेत.”

“मग तूही बस निवांत,” खरखरीत आवाज म्हणाला. त्या मॉरिसव्हिलच्या मालतीमावशी, हे मला मागाहून कळलं. मी त्यांना कधी भेटले नव्हते. “आलीच आहेस तर एक माळ म्हणून जा. मध्येच उठायचं नाही आमच्याकडे.”

मी फोन ठेवायला हवा होता, माझ्या तत्त्वांप्रमाणे. पण मोठी माणसं ‘बस’ म्हणाली की बसायचं, हे बाबांच्या घरातही पाळलं जायचं. आणि खरं सांगायचं तर वाद घालायची शक्तीच राहिली नव्हती. मी बोटांच्या पेरांवर मोजत रामनाम म्हणायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. थोडं म्हटलं असेल नसेल, पेरं हरवली. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी यावा तसा लांबून येऊ लागला. आणि मग, हे मला आठवत नाही, त्या बायकांनी सांगितलं, रामनामातून मी सरळ “बंधू आणि भगिनींनो” वर घसरले. बाबांच्या प्रत्येक पत्रकाची सुरुवात तशी असते.

लाइनवर हशा पिकला. “सुलभा, तुझी भाडेकरू सभा घेतेय गं!”

“पेंगतेय ती,” मालतीमावशी म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या, चिडल्या होत्या. “ए मुली! जपात झोप यायला लागली की डोळ्यांना पाणी लावून यायचं. ऊठ. जा आधी, डोळ्यांना पाणी लावून ये.”

“पाणी नाहीये,” मी म्हटलं. बाटल्या संपल्या होत्या.

“बर्फात अडकलीयस ना? मग पाणी नाही काय म्हणतेस! बाहेर हात घाल आणि लाव डोळ्यांना. तुझी माळ आम्ही धरून ठेवतो. जा.”

त्यांना काहीही माहीत नव्हतं. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी जे सांगितलं असेल ते त्यांनी मला सांगितलं, इतकंच. मी कशीबशी उठले. रॉय म्हणाले, बाहेर जाऊ नकोस. मी म्हटलं, डोळ्यांना बर्फ लावायचाय. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण दार उघडलं.

वाऱ्यानं थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी मूठभर बर्फ घेतला आणि दोन्ही डोळ्यांवर दाबला. श्वास आत गेला, खूप आत. पुन्हा घेतला. डोकं उघडत गेलं. मी डोळे पुसत वळले तर बसची मागची बाजू दिसेना. तिथं बर्फाची टेकडी होती. इंजिन चालू होतं, आणि धूर कुठूनच बाहेर पडत नव्हता.

मग मी जशी ओरडले तशी कुठल्याच सभेत ओरडले नसेन. रॉयनी इंजिन बंद केलं. पुढच्या सीटवरच्या माइकनी खिडक्या उघडल्या, छताचं झाकण ढकललं. मुलांना गदागदा हलवून, ओढून, शिव्या देऊन बाहेर काढलं. काहीजण उतरताच ओकले. ईशान उठेना. त्याची टोपी काढली तर मान एका बाजूला पडली. दोघा मुलांनी आणि माइकनी त्याला उचलून वाऱ्यात आणलं, मी त्याला कुशीवर वळवलं, त्याचा श्वास बघत त्याचं नाव घेत राहिले. माइक शेजारी गुडघ्यांवर बसले होते. ते रडत होते. त्यांना सुनवण्यासाठी केलेला एकही मुद्दा मला आठवला नाही. ईशान खोकला, ओकला, आणि इंग्रजीत एक असा शब्द बोलला जो मी इथं लिहीत नाही. इतका गोड शब्द मी ऐकला नव्हता.

तेव्हा मला कोटाच्या खिशातून आवाज ऐकू आला. फोन चालूच होता. सगळं त्या बायकांनी ऐकलं होतं. मी ईशानचं नाव किंचाळत होते तेही.

“काकू?”

“सुलभा आहे इथंच, तिच्याच्यानं बोलवत नाहीये,” मालतीमावशी म्हणाल्या. “मुलगा कसा आहे तेवढं सांग.”

मी फोन ईशानच्या कानाला लावला. “आई, आय ॲम ओके,” तो म्हणाला. “चिल.”

पलीकडून एक हुंदका आला आणि मागोमाग काकू आल्या. “चिल काय चिल! बर्फात लोळतोयस आणि मला चिल म्हणतोस!”

नांगराच्या गाडीमागून अग्निशामक दल आणि ॲम्ब्युलन्स आली. ईशानला आणि आणखी दोघांना ऑक्सिजन लावून दवाखान्यात नेलं, माइक त्यांच्याबरोबर गेले. बाकीच्यांना तपासून जवळच्या गावातल्या चर्चच्या तळघरात बसवलं. तिथल्या बायकांनी गरम सूप दिलं. संध्याकाळी दवाखान्यातून तिघेही ठीक असल्याचा निरोप आला. मी तो कळवायला काकूंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, “थांब, लाइनवर सांग. सगळ्या बसल्यात अजून. एकीनंही उठायचं नाव घेतलं नाही.”

मी सांगितलं. मग मालतीमावशींनी घसा साफ केला. “बरं झालं. तुझी माळ राहिलीय. म्हणतेस का?”

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हणायला लागले. मला वाटलं होतं, मला स्वतःची लाज वाटेल. नाही वाटली. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला म्हणून वळून पाहिलं, तर टीम उभी होती. त्या मुलांना रामनाम काय कळणार? मॅचआधी राष्ट्रगीताला जसे उभे राहतात तसे सगळे उभे होते, टोप्या काढून, सुपाचे पेले टेबलावर ठेवून. माळ संपेपर्यंत एकजणही बसला नाही.

मी अजूनही भांडते. आता वादळाचा इशारा असेल तर आमची बस निघत नाही. तो नियम माइकनी आणि मी मिळून करून घेतला. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, आपलं म्हणणं कितीही बरोबर असलं तरी कुणीतरी ‘ऊठ’ म्हटल्यावर उठता येणं, एवढंच त्यात असतं. त्या दिवशी माझं म्हणणं बरोबर होतं, आणि त्या बरोबर असण्यातच मी झोपी जात होते. मला कुणी उठवलं याचं नाव मला लिहिता येत नाही. पण रोज कृतज्ञता वाटते, आणि ती कुणापाशी तरी जाऊन पोचते, असंही वाटतं.

बाबांना सांगायला मी आठवडा घेतला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “नळी बुजली होती. विषारी वायू आत आला. हे विज्ञान आहे,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

“आणि बर्फ लावल्यानं नाही, मोकळ्या हवेनं शुद्ध आली.”

“हो.”

“त्या बायकांचे आभार मानलेस?”

“मानले.”

मग ते म्हणाले, “येत्या शनिवारी त्यांना माझेही सांग.”