तयार तिरडी

घोटावड्यात आमच्या घरातल्या प्रत्येक मयताची तिरडी डोंगरावरच्या वाडीतला एकच म्हातारा बांधायचा. त्याला बोलवावं लागत नसे. बातमी कानावर पडली की तो ओले बांबू खांद्यावर टाकून येई.

माझी बायको गेली तेव्हाही आला. पण सूसला राहणाऱ्या माझ्या मुलानं ती दवाखान्यात असतानाच मोठ्या दुकानाच्या ॲपवरून सामान मागवलं होतं. जोडायची तिरडी, मडकं, हिरवी साडी, बांगड्या. खोक्यावर ‘सौभाग्यवती संच’ असं छापलेलं. ती जाण्याच्या आदल्या दिवशी ते घरी पोचलं. ओटीपी मीच सांगितला.

म्हातारा अंगणात बांबू उतरवू लागला. म्हणाला, “मालकीणबाईंनी सांगितलं व्हतं, माजी तूच बांध.”

सांगितलं होतं. माझ्यासमोरच. तरी मी सगळ्यांदेखत म्हणालो, “उचल तो कचरा. आता कंपनीचं आलंय.”

कोणीतरी हसलं. त्यानं बांबू कुंपणाला टेकवले आणि तिरडी उचलल्यावर तो गर्दीच्या मागून चालू लागला.

ओढ्याच्या उतारावर तिरडीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तुटल्या. बायको एका कुशीवर कलंडली, बांगड्यांचा हात बाहेर लोंबला. मुलगा फोनवर दुकानाच्या कुठल्यातरी बाईशी हिंदीत भांडत बसला. म्हातारा पुढं धावला, कमरेचा सुंभ सोडून त्यानं चार गाठी मारल्या. त्या थेट चितेपर्यंत टिकल्या.

दहाव्याला पाहुण्यांनी विचारलं, असं कसं झालं? मी म्हणालो, “तो म्हातारा पिऊन आला होता. त्यानंच हात लावून तिरडी ढिली केली.”

लोकांनी मानलं. त्यानंतर गावात तीन मयतं झाली, तिन्ही घरांत खोकी आली. त्याला कोणी दारात उभं केलं नाही.

परवा वाडीवर गेलो. तो कूड विणत होता. मी म्हणालो, “माझं चुकलं. गावात सांगतो सगळ्यांना.”

तो विणता विणताच म्हणाला, “कशाला, मालक? आता मला कुटं बांबू उचालतोय. तुमी तुमचं खोकं मागवून ठिवा. लई दिस न्हाई ऱ्हायलं.” मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाला, “उंच हाय तुमी. माप बघून घ्या.”

त्याची सून खुदकन हसली.

म्हणून हे लिहून ठेवतो. तो त्या दिवशी प्यायला नव्हता. माझी तिरडी कोण बांधेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.