निगडीच्या बंगल्यातला पडका किल्ला

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण निगडी प्राधिकरणातली ती चोरी मी विसरू शकलेलो नाही.

फिर्यादी एक निवृत्त शिक्षिका, बंगल्यात एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या दिवंगत पतींना कंपनीतल्या जर्मन इंजिनिअरने दोनशे वर्षांपूर्वीचं एक छापील चित्र भेट दिलं होतं. डोंगरावर पडका किल्ला, फुटक्या कमानीतून दिसणारी नदी. घरी आलेल्या एका जाणकाराने सांगितलं, भिंतीवर आहे ती अलीकडची नक्कल. बाईंनी संशयित म्हणून एकच नाव दिलं: नऊ वर्षं घरकाम करणाऱ्या मावशींचं.

मावशी मूळच्या बीडकडच्या. हवालदाराने सकाळी त्यांच्या जबाबात 'चित्र घेतले नाही' एवढी ओळ लिहिली आणि घरी जायला सांगितलं. दुपार झाली तरी त्या ठाण्यातल्या बाकावरच.

"आजूबाजूला आणखी चार घरची कामं व्हती, त्यांनीबी मला काढलं. नाव साफ झाल्याबिगर मी उठणार न्हाई, साहेब."

मी त्यांना आत बसवलं. "मावशी, चित्र बदललेलं तुमच्या कधी लक्षात आलं?"

"रोज पुसत व्हते की. चित्राभोवती कागदावर चौकोनी दाब व्हता, अन् खाली कोपऱ्यात तांबूस डाग. फ्रेम पॉलिश करून आणली तवापासून दोन्ही न्हाईत. बाईंना बोलले, तर म्हणल्या, चष्मा लाव."

"हे सकाळी का नाही सांगितलंत?"

"सांगत व्हते. हवालदार म्हणले, विचारलं तेवढंच बोला."

फ्रेम पॉलिशला नेली होती बाईंच्या पुतण्याने. चिंचवडच्या फ्रेमवाल्याने लगेच सांगितलं, "साहेब, नक्कल त्यांनीच आणली. जुनं चित्र मी काढून, गुंडाळून त्यांच्याच हातात दिलं." पुतण्या तासभर उडवाउडवी करत राहिला. फ्रेमवाला समोर आल्यावर मात्र त्याने कबूल केलं. चित्र विकायचा त्याचा बेत होता. पुनावळ्यातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये पंचांसमक्ष कपाट उघडलं. चित्र मिळालं. जुन्या पद्धतीने छापताना धातूच्या पत्र्याचा उमटलेला तो चौकोनी दाब होता, डागही होता.

बाई ठाण्यात येऊन रडल्या. "उद्यापासून ये गं कामाला."

"न्हाई बाई. आधी त्या चार घरांत तुम्ही स्वतः जाऊन सांगा, ही चोर न्हाई म्हणून."

बाई त्याच संध्याकाळी चारही घरी गेल्या. मावशींनी पुढे काम मात्र दुसरीकडे धरलं.

तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा मला लाजच वाटली. गुन्हा सकाळीच उघड होत होता, आम्हीच मावशींना गप्प केलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत प्रत्येक जबाबाच्या शेवटी मी विचारत असे, "अजून काही सांगायचंय?" आणि उत्तर येईपर्यंत पेन बंद करत नसे.