वखारीतली हबशीण

वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावात मिठाची जुनी वखार आहे. तिच्यात हबशीण राहते असं सगळा खारेपाट मानतो. काळी, कुरळ्या केसांची, भर दुपारी गुणगुणणारी. हलीमा लग्न होऊन रोह्याहून या गावात आली, तेव्हा विहिरीवरच्या पोरी तिला बघून कळश्या टाकून पळाल्या होत्या.

"हबशीण भायेर आली गो!"

हलीमाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

ती सिद्दी. तिचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून गलबतांवर घालून या किनाऱ्याला आणलेले. पुढे कुणी जंजिऱ्याच्या चाकरीत राहिले, कुणी पांगले. कोण कुठल्या गावचा, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. हलीमाचा नवरा युसुफ ट्रकवर होता. तो अपघातात गेला. मूलबाळ झालं नव्हतं. मग ती पेणच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. तान्ह्या बाळाला पुसून, दुपट्यात गुंडाळून ती आईपाशी न्यायची, आणि खारेपाटातली एखादी बाळंतीण तिला पाहून तोंड फिरवायची. "दुसरी बाई नाय का?" हलीमा बाळ नर्सच्या हातात द्यायची आणि कपडे धुवायला जायची.

रोह्याला तिची आई वारली त्या दिवशी मुरूडहून, महाडहून नातलग आले. आईची भाड्याची एकच खोली. पुरुष मयत घेऊन गेले, आणि बायका जिन्यावर एकीखाली एक बसल्या. वरच्या बिऱ्हाडातल्या माणसाला उतरायला वाट हवी होती, म्हणून सगळ्यांना उठावं लागलं.

आईची मावसबहीण सकीनाबी भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आपण भेटतो ते मयतालाच, हलीमा. आणि तेव्हाही बसायला जागा नाही. घरी अब्बांचा ढोल आहे. सून म्हणते, माळ्यावर टाका, शेजारी काय म्हणतील."

"कुठे वाजवायचा मग?"

"तेच तर," सकीनाबी म्हणाली.

परतीच्या एसटीत हलीमाला ती वखार आठवली. एवढी मोठी जागा, आणि तिथे कुणी पाऊल टाकत नाही.

वखारीचे मालक दामोदर गुरुजी पेणला राहत. शाळेतून निवृत्त झालेले. हलीमाने आपल्या माणसांना बसायला वखार मागितली, तेव्हा ते कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांच्या पत्नी, वत्सलाबाई, आतून बाहेर आल्या.

"अहो, तिथलं माहीत आहे ना तिला? तिला काही झालं तर?"

"काकू, जिला सगळे भितात ती माझ्याच माणसांतली आहे," हलीमा म्हणाली. "ती मला काय करणार?"

गुरुजींनी चावी काढून दिली. म्हणाले, "माझ्या वडिलांनी कुलूप घातलं. का घातलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही."

रजेच्या दिवशी हलीमा खराटा आणि बादली घेऊन निघाली. बांधावर शेजारची धोंडुबाई भेटली. सगळा जन्म मिठागरात गेलेली ही म्हातारी हलीमाशी बोलणारी गावातली पहिली बाई.

"हलीमा, नको जाव गो. दुपार हाय."

"मावशी, ती गुणगुणते ते खरं?"

"माजे आयशीनं आयकलंय. मीठ वाह्याला आनलेली ती. तान्हा पोर तापानं मेला, तो या बांधातच पुरला. तवापासून निजवते त्याला."

"नाव काय तिचं?"

धोंडुबाईने मान हलवली. "नाव कुनी सांगतला नाय."

कुलूप गंजलेलं होतं, पण निघालं. आत भिंतींना मिठाचे पांढरे पापुद्रे आले होते. हलीमाने झाडायला सुरुवात केली. कौलांच्या फटींतून ऊन सरळ खाली पडत होतं. वारा नव्हता. आणि मग, पलीकडच्या कोपऱ्यातून, कुणीतरी तोंड मिटून गावं तसा सूर आला.

हलीमाचा खराटा हातातच राहिला. दाराकडे पळावं असं वाटत होतं, पण पाय हलेनात, कारण ती चाल तिच्या ओळखीची होती. तिची आई तिला याच चालीवर निजवायची. त्यातल्या शब्दांचा अर्थ आईलाही ठाऊक नव्हता. तिला ते तिच्या आजीकडून आले होते.

सूर एका जागी येऊन थांबला. आई तिथेच श्वास घ्यायची. हलीमाने पुढची ओळ म्हटली. आवाज फाटला. ओळ संपली आणि वखारीत काहीच ऐकू येईना, खाडीही नाही. ती ओल्या जमिनीवर बसली आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा रडली.

पुढच्या महिन्यात वखारीत माणसं जमली. रोह्याचे सगळे सिद्दी आले, मुरूडची तीन बिऱ्हाडं आली. सकीनाबीने माळ्यावरचा ढोल आणला. कातडं सैल पडलं होतं, ते शेकोटीवर धरून तापवलं. ती वाजवायला बसली तेव्हा गावातल्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या, आत कुणी येईना. मग धोंडुबाई पदर खोचून उंबरा ओलांडून आली आणि भिंतीशी बसली.

ढोल थांबला तेव्हा ते गुणगुणणं सगळ्यांना ऐकू आलं. एक पोर आईला बिलगलं. सकीनाबीने डोक्यावरून ओढणी घेतली, हात पसरले आणि त्या बिननावाच्या बाईसाठी आणि तिच्या बाळासाठी फातिहा पढली. सगळ्यांना वाटलं, आता ती शांत होईल.

ती झाली नाही. अजूनही एखाद्या दुपारी सूर येतो. माणसांनी तो असणारच असं धरून चालायला सुरुवात केली आहे. दर महिन्याला बैठक भरते, पोरं ढोल शिकतात, लग्न ठरलं तर बोलणी तिथेच होतात. प्रसूतिगृहात अजूनही एखादी तोंड फिरवते. पण परवा धोंडुबाईची नात बाळंत झाली, तेव्हा म्हातारीने बाळ स्वतः हलीमाच्या हातात दिलं.

पेणची नूतन नावाची एक बँकेतली बाई एकदा दाराशी येऊन घुटमळली. केस सरळ करून घेतलेले. पिशवीतून तिने एका काळ्या, कुरळ्या केसांच्या माणसाचा फोटो काढला.

"माझे पणजोबा. घरात हा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. इथे लावाल?"

हलीमाने लावला. मग इतरांनीही आणले. पण वखारीची भिंत फोटोंना खाते. चेहऱ्यांवर पांढरं चढू लागतं. म्हणून पावसाळ्याआधी हलीमाने सगळे उतरवले, चादरीत बांधले आणि घरी नेले. स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेने ते ओळीने टेकवून ठेवले. ती चुलीकडे वळली. पाठीवर इतक्या जणांची नजर होती. तिने तांदूळ धुतले, आधणात वैरले, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिने चार माणसांना पुरेल एवढा भात टाकला आहे. तिने तो काढला नाही. झाकण ठेवलं आणि जाळ जरा वाढवला.